लाकडी जमिनीवरचा जुना डिंक: मऊ करा, पातळ करू नका

जुन्या नाशकात तिवंधा, सराफ बाजार, पंचवटी या भागांतल्या वाड्यांच्या माड्यांवर आणि देवळालीच्या जुन्या बंगल्यांत सागवानी फळ्यांची जमीन अजून बऱ्याच ठिकाणी आहे. तिच्यावर कधीतरी कुणीतरी व्हिनाइलचं मॅटिंग किंवा गालिचा चिकटवलेला असतो. तो उपटला की खाली पिवळे, तपकिरी, काळे पट्टे उरतात. मग घरातलं कुणी थिनरचा डबा आणून जमिनीवर ओततं, नाहीतर भाड्याने घासायचं मशीन आणून थेट सुरुवात करतं.

दोन्ही चुकीचं. थिनर जास्त झाला की डिंक पातळ होऊन लाकडाच्या रेषांत आणि फळ्यांच्या सांध्यांत मुरतो. मग तो काढायला फळी रंधण्याशिवाय इलाज राहत नाही. मशीन लावलं तर घर्षणाने डिंक तापतो, पेपरवर गुळाच्या पाकासारखा बसतो आणि पुढच्या फळीवर सारवला जातो. माझ्या मामांच्या माडीवर मी पहिल्या दिवशी दोन्ही करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी आलेल्या म्हाताऱ्या सुतारांनी जमिनीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दादा, डबा ठेवा बाजूला. वर आहे तोवर हा डिंक निघतो. आत घातलात की तो फळीचाच झाला."

खालचा क्रम त्यांच्या त्या वाक्यावर उभा आहे: आधी कोरडं खरवडायचं, मग मऊ करून उचलायचं, अगदी शेवटचा पापुद्रा तेवढा विरघळवायचा आणि घासणं सगळ्यात शेवटी.

टप्पा १: जमीन खरंच लाकडाची आहे का, ते पाहा

उंबऱ्यापाशी किंवा भिंतीकडेची पट्टी काढून फळीची कड बघा. वरपासून खालपर्यंत एकच लाकूड आणि रेषा सलग, म्हणजे भरीव फळी. प्लायसारखे थर आणि वर लाकडाचा पातळ पापुद्रा असेल तर ती इंजिनिअर्ड फळी; वरचा थर अनेकदा दोन-चार मिलिमीटरचाच असतो, म्हणून घासायला फारशी जागा नाही. कडेला तपकिरी भुशाची दाबलेली पाटी आणि वर गुळगुळीत छापील नक्षी दिसली तर ते लॅमिनेट. गंगापूर रोड, इंदिरानगरकडच्या नव्या फ्लॅटमध्ये ज्याला ‘वूडन फ्लोअरिंग’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. त्याला पाणी चालत नाही, खरवडायची पत्ती चालत नाही, काचपेपर तर नाहीच. स्पिरिटने ओलसर केलेलं फडकं आणि जुनं एटीएम कार्ड, एवढ्यावर भागवा. लॅमिनेटवाल्यांसाठी लेख इथेच संपतो.

भरीव फळी असेल तर वर पॉलिश आहे का, तेही बघा. कोपऱ्यात, कपाटाखाली येईल अशा जागी, स्पिरिटचा एक थेंब ठेवा. मिनिटभरात जागा चिकट झाली तर चपड्याचं म्हणजे लाखेचं पॉलिश आहे, आणि स्पिरिट किंवा थिनर लागेल तिथलं ते निघणार. काहीच झालं नाही आणि पाण्याचा थेंबही वर टिकून राहिला तर पीयूसारखा (पॉलियुरेथेन, प्लॅस्टिकसारखं पॉलिश) कडक थर असावा. पाणी आत शिरलं आणि लाकूड गडद झालं तर फळी उघडी आहे. डिंक सगळ्यात हट्टी असतो तो उघड्या फळीवर.

मॅटिंगखाली वर्षानुवर्षं ओल कोंडलेली असते. दाभण किंवा बारीक पेचकस घेऊन फळ्या टोचून बघा, विशेषतः भिंतीलगत आणि मोरीच्या बाजूला. टोक सहज आत गेलं तर आधी वाळवी आणि सड यांचा बंदोबस्त. बाकी फळ्या निदान आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवून वाळू द्या.

टप्पा २: डिंक कोणता, ते ठरवा

ही परीक्षा टाळली की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. तळहाताएवढ्या तीन जागा निवडा. एकीवर कोमट पाण्याचं पिळलेलं फडकं पंधरा मिनिटं ठेवा, दुसरीवर टर्पेंटाइनने ओलसर केलेलं. ती दोन्ही फडकी काढून वास गेल्यावर तिसरीवर केस वाळवायचा ड्रायर धरा.

पाण्याने पांढुरका होऊन मऊ पडला तर तो पांढरा फेविकॉल, किंवा फारच जुनं काम असेल तर सरस. गरम केल्यावर च्युइंगमसारखा ताणला गेला आणि रंग पिवळट-तपकिरी असेल तर तो रबरी डिंक. कारागीर त्याला ‘सोल्यूशन’ किंवा ‘एसआर’ म्हणतात. टर्पेंटाइनच्या फडक्यावर काळा-तपकिरी रंग उतरला तर डांबरी. लांब सरळ पट्टे, बोटाला अजून चिकटणारे, म्हणजे दुहेरी टेप. कशानेच हलला नाही, काचेसारखा कडक राहिला, तर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा डिंक. त्याला कुठलंही द्रव लावून उपयोग नाही, उष्णता देऊन थोडा थोडा तासावा लागतो.

> थांबा: डिंक काळा आहे आणि वर नऊ इंची चौकोनी, कडक, ठिसूळ टाइल होत्या? जुन्या व्हिनाइल टाइलमध्ये आणि त्यांच्या डांबरी डिंकात अ‍ॅस्बेस्टॉस (धूळ श्वासातून गेली तर फुफ्फुसांना घातक ठरणारे खनिज तंतू) घातलेला असू शकतो. तो डोळ्यांनी ओळखता येत नाही. अशी जमीन कोरडी खरवडू नका, घासू तर अजिबात नका. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. निकाल वाईट आला तर डिंक न हलवता वरून दुसरी जमीन टाकणं हाच शहाणा मार्ग.

टप्पा ३: दिवस, सामान आणि खोली

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधला धरा. पावसाळ्यात फळी ओल धरते आणि काही वाळत नाही. उन्हाळ्यातलं कारण जास्त गंभीर आहे. मिनरल टर्पेंटाइन आणि रॉकेल यांची वाफ साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या पुढे ठिणगीने पेटू शकते. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा तिथवर जातोच, आणि पत्र्याखालची माडी त्याहून तापते. थिनरची गोष्ट तर वेगळीच: त्यातल्या टोल्युइनची वाफ चार अंशांनाही पेटते, म्हणजे त्याच्यासाठी बारा महिने उन्हाळाच. पेट्रोलचं नावही काढू नका.

थंडीचा आणखी एक फायदा. निफाडकडून येणारी ती बोचरी पहाट असते ना, तेव्हा डांबरी डिंक कडक असतो आणि पत्तीखाली टवके उडतात. त्याच फळीवर दुपारी तीन वाजता पत्ती रुतून बसते.

सामान मेन रोड, रविवार कारंजा भागातल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळून जातं. पुट्टीची दोन इंची पत्ती घ्या, आणि वापरण्याआधी तिचे दोन्ही कोपरे कानशीने गोल करा. जमिनीवर जे ओरखडे पडतात ते धारेने नाही, कोपऱ्यांनी पडतात. शिवाय एक प्लॅस्टिकची पत्ती, जुने दातब्रश, बांबूच्या काड्या, लिटरभर मिनरल टर्पेंटाइन, पाव लिटर थिनर (याहून जास्त घेतलंत तर ओतालच), वखारीतून पोतंभर कोरडा लाकडी भुसा, आणि पांढरी सुती फडकी. जुनं धोतर उत्तम. रंगीत साडीचे तुकडे नकोत, थिनरने त्यांचा रंग सुटतो आणि फळीत जातो.

हातमोजे नायट्राइलचे. पातळ रबरी मोजे थिनरमध्ये फुगतात आणि फाटतात. कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही; वाफेसाठी कार्बनची डबी असलेला मास्क लागतो.

तारेचा काथ्या, म्हणजे स्टील वूल, घेऊ नका. त्याचे बारीक कण रेषांत अडकतात, ओल मिळाली की गंजतात, आणि लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याशी मिळून काळे ठिपके पडतात. ते ठिपके डिंकापेक्षा चिवट. घासायचंच असेल तर हिरवं स्कॉचब्राइट किंवा नारळाची किशी.

आता खोली, आणि इथे वाड्याची एक खास भानगड आहे. टर्पेंटाइन आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीवर पसरते आणि फळ्यांच्या फटींतून खाली उतरते. मी माडीवर खिडक्या सताड उघडून बसलो होतो, वाटत होतं सगळं नीट चाललंय. खालून मामी ओरडली, "अरे, देवघरात कसला वास येतोय? मी दिवा लावत होते." काडी तिच्या हातात होती. त्या दिवसापासून मी आधी खालची खोली रिकामी करतो आणि मग वरची.

> सुरू करण्याआधी तपासा:
> खालच्या मजल्यावर समई, उदबत्ती, गॅस, गिझर बंद. वरच्या आणि खालच्या दोन्ही खोल्यांचे एमसीबी पाडलेले. डास मारायच्या मशीनपासून फ्रिजपर्यंत काही चालू नाही.
> समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. पंखा लावायचा तर खोलीबाहेर, आत हवा ढकलणारा.
> दारात कोरड्या वाळूची बादली. पेटलेल्या टर्पेंटाइनवर पाणी टाकलं तर आग पसरते.
> लहान मुलं, गरोदर बाई, दम्याचा त्रास असलेलं माणूस घरात नाही.

टप्पा ४: कोरडं खरवडा

जमीन झाडून घ्या. डोकं वर आलेले लहान-मोठे खिळे हातोडी-ठोकणीने दोन मिलिमीटर खाली बसवा. आत्ताही आणि नंतर घासतानाही त्यांच्यावर धार मोडते.

पत्ती जमिनीशी जवळजवळ आडवी धरा, तीस अंशांहून उभी नको, आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच ढकला. आडवी चालवली की तंतू उचकटतात. जाड गठ्ठे आधी, पातळ थर सोडून द्या. हट्टाने फळी दिसेपर्यंत खरवडायचं नाही. डांबरी डिंक असेल (आणि वरच्या इशाऱ्यात बसत नसेल) तर स्टीलच्या पातेल्यात बर्फ भरून ते दहा मिनिटं डिंकावर ठेवा, खाली प्लॅस्टिक अंथरून, म्हणजे फळीला पाणी लागणार नाही. मग टवका काढा.

जवळजवळ निम्मा डिंक या टप्प्यात जातो. लोक कंटाळतात तेही इथेच, कारण माडीभर बसकण मारून दोन दिवस खरवडताना काही घडतंय असं वाटत नाही. पण इथे निघालेला प्रत्येक टवका पुढच्या टप्प्यात तुमचं टर्पेंटाइन आणि फळीची तहान वाचवतो.

टप्पा ५: मऊ करून उचला

एका वेळी दोन फूट बाय दोन फुटांचाच तुकडा. अख्ख्या खोलीला एकदम लावायचा मोह होतो. पहिल्या कोपऱ्यापाशी परत येईपर्यंत तो डिंक पुन्हा आवळलेला असतो, आणि या वेळी जास्त आत.

*पांढरा फेविकॉल, सरस.* कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घाला. फडकं बुडवून घट्ट पिळा, पाणी ठिबकायला नको, आणि डिंकावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मऊ झाला की प्लॅस्टिकच्या पत्तीने उचला आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. सरसाला पाणी जास्त गरम लागतं, बाकी कृती तीच. बादलीने पाणी कधीच नाही; फळ्या वाकतात आणि रेषा काट्यासारख्या उभ्या राहतात.

*दुहेरी टेप.* ड्रायरने गरम करा आणि बोटाने गुंडाळत काढा. खोबरेल तेल चोळायचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. पीयूच्या पॉलिशवर तो चालतो. उघड्या फळीवर तेल शिरलं की डाग पडतो आणि पुढे पॉलिश तिथे धरत नाही. (जानेवारीत तसंही नाशकात बाटलीतलं खोबरेल थिजलेलं असतं.)

*रबरी डिंक.* यालाच खरा वेळ लागतो. आधी उष्णता. हॉट एअर गन सगळ्यात कमी आकड्यावर, फळीपासून वीतभर वर, आणि सतत हलती. दहा-पंधरा सेकंदांत डिंकाची चकाकी बदलते, कडा सैल होते. त्या क्षणी गन बाजूला आणि पत्ती आत. डिंक दोरीसारखा गुंडाळला जात निघाला तर तापमान बरोबर. धूर आला किंवा लाकूड तांबूस दिसायला लागलं तर जास्त झालं. प्रत्येक फटकाऱ्यानंतर पत्ती पुसा, नाहीतर काढलेलाच डिंक तुम्ही पुढे नेऊन लावता.

जुन्या माडीच्या फटींत कोळिष्टकं, भुसा, उंदराच्या घरट्यातला कापूस, काहीही असतं. गनची झळ सांध्यात घालू नका. तिथे धुमसलेलं लगेच दिसत नाही. काम संपल्यावर तासभर घरातच थांबा आणि खालच्या मजल्यावरून तक्तपोशीकडे एकदा बघून या.

> गन आणि द्रव एकाच दिवशी नाही. गनचं काम पूर्ण संपवा, दुसऱ्या दिवशी टर्पेंटाइन उघडा. उलट क्रम तर कधीच नाही. आणि गन टप्पा ३ च्या यादीत बसत नाही, तिला वीज लागते. म्हणजे त्या दिवशी टप्पा २ मधलं टर्पेंटाइनचं फडकंसुद्धा खोलीत नको.

गनने जे सुटलं नाही त्यावर दुसऱ्या दिवशी टर्पेंटाइन. डिंकावर ओतायचं नाही, फडकं ओलसर करायचं. दाबल्यावर थेंब पडला तर फडकं जास्त ओलं आहे. ते पसरून ठेवा, वर प्लॅस्टिकचा तुकडा टाका म्हणजे उडून जाणार नाही, आणि पंधरा मिनिटं थांबा. काढल्यावर डिंक मधासारखा वाहता नको, थिजलेल्या तुपासारखा हवा. तसा असेल तर लगेच मूठभर भुसा टाका, स्कॉचब्राइटने रेषेच्या दिशेने हलकं फिरवा आणि सगळा मळ भुशासकट पत्तीने उचला. भुसा सुटलेला डिंक पिऊन घेतो, नाहीतर तो फळीने प्यायला असता.

*डांबरी.* टर्पेंटाइनची हीच पद्धत, फक्त फडकं पाच मिनिटंच. डांबर झटकन विरघळतं आणि काळं पाणी चौफेर धावतं, म्हणून मऊ डागाच्या बाहेरून आत पुसत या. आतून बाहेर पुसलंत तर रुपयाएवढ्या डागाचं ताट होतं.

सांध्यांत पत्ती घालू नका. बांबूची काडी टोकाला चपटी करा आणि मऊ झालेला डिंक तिने ओढून काढा, उरलेला दातब्रशने.

टप्पा ६: शेवटचा पापुद्रा

आता फळी दिसते आहे, पण हात फिरवला की कुठे कुठे अडतो. विरघळवायचा आहे तो एवढाच. फडक्याचा कोपरा थिनरमध्ये बुडवा, चोळा, आणि लगेच दुसऱ्या हाताने कोरड्या फडक्याने टिपा. दोन फडकी, दोन हात. ओलं फडकं पाच पुसण्यांनंतर फेका किंवा बाजू बदला. मळलेलं फडकं डिंक काढत नाही, वाटत सुटतं. पीयूचं पॉलिश वाचवायचं असेल तर हा टप्पा थिनरऐवजी टर्पेंटाइनवरच संपवा, वेळ लागला तरी.

टप्पा ७: दोन दिवस हात लावू नका

निदान ४८ तास खिडक्या उघड्या. वास पूर्ण गेला पाहिजे, खालच्या खोलीतलासुद्धा.

मग दोन परीक्षा. रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा. उरलेला डिंक गोगलगाईच्या वाटेसारखा चमकतो. दुसरी परीक्षा उघड्या फळीसाठी: ओल्या बोटांनी पाणी शिंपडा. थेंब जिथे गोल उभा राहतो तिथे अजून थर आहे, जिथे मुरतो तिथे फळी मोकळी. सागात मुळातच तेल असतं, म्हणून स्वच्छ असलेल्या एखाद्या कोपऱ्यातल्या थेंबाशी तुलना करा. डाग सापडले तर खडूने खुणा करून तेवढ्यापुरता टप्पा ६ पुन्हा.

टप्पा ८: घासायचं असेल तर

पॉलिश शाबूत असेल तर गरज नाही. उघड्या फळीवर ६० नंबरच्या पेपरने सुरुवात, मग ८०, मग १२०. साठवरून एकदम १२० वर उडी मारली तर साठचे ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिश चढल्यावरच दिसतात. सुरुवातीला पेपर मिनिटाभरातच चिकट गोळ्यांनी भरला, तर डिंक राहिला आहे. मशीन बंद, मागे जा.

या वेळी एन-९५ उपयोगाचा आहे, लावाच. कठीण लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते हे मान्य झालेलं आहे. फळ्यांवर किंवा कडेच्या पट्ट्यांवर जुना ऑइल पेंट असेल तर तो घासू नका. रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचं बंधन आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आलं. त्याआधीच्या रंगात किती असेल ते विचारू नका. मशीनची धुळीची पिशवी रोज संध्याकाळी घराबाहेर रिकामी करा.

फडकी आणि भुसा

टर्पेंटाइनची फडकी गोळा करून कोपऱ्यात ठेवायची नाहीत. अंगणात किंवा गच्चीवर, सावलीत, एकेक सुटं पसरून वाळवा. पुढे जमिनीला अळशीचं तेल देणार असाल तर हे दुपटीने पाळा: त्या तेलाची फडकी चुरगाळून ठेवली की आपोआप तापतात आणि काडी न लावता पेटतात. ती पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

डिंक प्यायलेला भुसा चुलीत किंवा बंबात घालू नका. तो आणि वाळलेली फडकी वेगळ्या पिशवीत बांधून, आत काय आहे ते सांगून, घंटागाडीवर धोकादायक कचरा म्हणून द्या. मळलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बाटलीत चार दिवस ठेवलं की गाळ तळाशी बसतो आणि वरचं निवळ ब्रश धुवायला चालतं. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. पाण्याच्या बाटलीत तर ते भरूच नका.